भाची एमबीबीएस झाली, आता एमडी सोडून पीएचडी म्हणतेय, जाणकारांनी सांगा

कोथरूडचा_मामा

नमस्कार मंडळी, विषय घरातला आहे पण इथे डॉक्टर लोक पण आहेत आणि पाषाण-औंधच्या लॅबवाल्यांपैकी पण दोन-चार जण आहेत म्हणून विचारतोय. माझी भाची, ताईची मुलगी, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, इंटर्नशिप संपत आलीय. घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं की आता 'नीट पीजी' ही प्रवेश परीक्षा, मग एमडी मेडिसिन नाहीतर पीडियाट्रिक्स, मग सिंहगड रोडला कुठेतरी कन्सल्टिंग, भावजींनी तर गाळ्यांचे रेट काढायला पण सुरुवात केलेली. आणि परवा जेवताना ही शांतपणे म्हणते की मी पीजीला बसणार नाही, मला इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी करायचीय.

भावजी म्हणाले साडेपाच वर्षं डॉक्टरकी शिकून आता मास्तरकी करणार का. आजी म्हणाली मग पेशंटला औषध कोण देणार. आणि नंतर सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण भाचीचं आणि माझं जमतं, म्हणजे फूस मीच लावली असणार. अहो मी बँकेत आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तर मला सांगा, एमडी मोठी की पीएचडी मोठी हे आधी, कारण भावजींचा तोच मुद्दा आहे की ही वरून खाली चाललीय. पीएचडी करताना पगार मिळतो का का आपणच फी भरायची? किती वर्षं? आणि दोन्ही करता येतं का, कारण अमेरिकेत म्हणे एमडी-पीएचडी असं जोडून असतं, तसं आपल्याकडे काही आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे तिला नोकरी काय लागते. भाची स्वतः इथे लिहिणार नाही, तिला सांगून विचारतोय पण.

फ्लास्कवाली

मामा, मी पीएचडीच्या शेवटाकडे आलेली मुलगी आहे, सेल बायॉलॉजी, पुण्यातच, संस्थेचं नाव नाही सांगत. तुमच्या भाचीचं ऐकून बरं वाटलं कारण आमच्याकडे एमबीबीएस झालेलं माणूस आलं की गाइड लोक अक्षरशः हरखतात, ज्याला आजार पुस्तकाबाहेर माहीत आहे असा माणूस लॅबमध्ये फार कमी असतो.

मोठी-छोटी बद्दल, भावजींना कागदावरचं उत्तर हवं असेल तर ते असं की एमबीबीएस ही बॅचलर्स आहे, आपल्याकडची एमडी ही त्यावरची पोस्टग्रॅज्युएट डिग्री आणि पीएचडी ही डॉक्टरेट. म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हिशोबाने खाली वगैरे काही नाही चाललेली. पण पीएचडी केल्याने पेशंट तपासायचा अधिकार मिळत नाही, तो तिला एमबीबीएस आणि मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनने मिळतो आणि तो पीएचडी केल्याने जातही नाही, त्यामुळे आजींना सांगा तापाचं औषध द्यायला नात आहेच.

पैशाचं सांगते. सीएसआयआर-यूजीसी नेट म्हणून परीक्षा असते, तिला एमएस्सी लागते असं सगळ्यांना वाटतं पण एमबीबीएसवाल्यांना पण चालते, ५५ टक्के पाहिजेत. त्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) निघाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आहे पहिली दोन वर्षं, मग एसआरएफ (सीनियर) झालं की ४२,०००, हॉस्टेल नसेल तर वर घरभाडं (एचआरए). आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) वेगळी जेआरएफ असते, ती बायोमेडिकलवाल्यांना जास्त जवळची. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत त्या त्या गटांसाठी. फी असते पण किरकोळ. मात्र हे पैसे वेळच्या वेळी येतील असं धरून कुणी ईएमआय घेऊ नये, आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी आईबाबांकडून उसने घेतलेत.

वर्षं, यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६, बायकांना आणखी २ पर्यंत सवलत. ३ मध्ये आमच्या विषयात कुणाचं होत नाही. ५ ते ६ धरा.

आता रोजचं काय असतं ते सांगते कारण ते कुणी सांगत नाही. समजा तुम्ही एका पेशीच्या लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर, काम करताय, महिने चाललेत, रिझल्ट छान येतायत आणि एक दिवस रुटीन टेस्ट म्हणून मायकोप्लाझ्माची पीसीआर लावता आणि बँड येतो, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह. मायकोप्लाझ्मा म्हणजे एकदम बारीक बॅक्टेरिया, बाकीच्या इन्फेक्शनमध्ये मीडिया (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) गढूळ होतो, पिवळा पडतो, तुम्हाला लगेच कळतं, यात काहीच होत नाही, मायक्रोस्कोपखाली पेशी मस्त दिसतात, वाढतात, फक्त त्यांचं आतलं सगळं वागणं बदललेलं असतं. म्हणजे तुमचे छान रिझल्ट हे पेशीचे होते का त्या किड्याचे हे सांगता येत नाही. मग काय, सगळे फ्लास्क ब्लीचमध्ये, इनक्युबेटर पुसायचा, लिक्विड नायट्रोजनमधून जुनी व्हायल काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि तुमचा रूममेट तेवढ्या काळात आयटीत दोनदा जॉब बदलून फ्लॅट बुक करून आलेला असतो. हे ज्याला झेपतं त्याने यावं. आणि तरी सांगते, जो एक दिवस येतो ना की जेलवर काहीतरी दिसतं जे त्या क्षणी जगात फक्त तुम्हाला माहीत असतं, त्यासाठी लोक हे करतात.

थेट पीएचडी करा, एमडीत ३ वर्षं घालवू नका हे माझं मत.

तिरकस_नारायणपेठ

मामा, पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या खाली उभं राहून पाट्या वाचा. डॉ. अमुक, ते दाताचे. डॉ. तमुक, ते आयुर्वेदाचे. डॉ. फलाणे, यांनी संतसाहित्यावर पीएचडी केलीय आणि रात्री दोनला वरच्या मजल्यावरचे काका छातीत दुखतंय म्हणून यांचंच दार वाजवतात. भाचीकडे दोन्ही असलं तर निदान दार उघडल्यावर उपयोग तरी होईल.

बाकी भावजींना सांगा, आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून एमडी होऊन आल्या तीच एमडी आणि आजची आपली एमडी एक नव्हे. तिकडे एमडी हीच पहिली मेडिकल डिग्री, आपल्या एमबीबीएसच्या जागेवरची. म्हणजे भाची आत्ताच अमेरिकन हिशोबाने एमडी आहे, पेढे वाटा आणि विषय मिटवा.

काचपट्टी

वरचा पेढ्यांचा मुद्दा विनोदाचा असला तरी बरोबर आहे आणि अर्धा घोळ तिथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पॅथॉलॉजिस्ट, एमडी, रेसिडेन्सी एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, आता कॅम्पात प्रॅक्टिस.

एमडी या दोन अक्षरांचे तीन देशांत तीन अर्थ आहेत. अमेरिकेत कॉलेजची चार वर्षं झाल्यावर पुढे चार वर्षांची मेडिकल स्कूल, ती झाली की एमडी. इंग्लंडात पहिली डिग्री एमबीबीएस आणि एमडी ही नंतर करायची रिसर्चची डिग्री, साधारण दोनेक वर्षांचं संशोधन आणि थीसिस. आपल्याकडे नाव त्यांचं घेतलं पण आत भरलं रेसिडेन्सीचं ट्रेनिंग, ३ वर्षं, वॉर्ड, ओपीडी, इमर्जन्सी, आणि त्यात एक थीसिस बसवलेला. त्यामुळे भाचीने मागेपुढे बाहेर अर्ज केला तर प्रत्येक ठिकाणी तिला समजावून सांगावं लागणार की हे नक्की काय आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या ग्रँटला तर नुसती मेडिकल डिग्री पीएचडीच्या बरोबरीची धरत नाहीत, सोबत तेवढ्या दर्जाचं संशोधनाचं पद भूषवल्याचा पुरावा मागतात.

आता तो आपला एमडीचा थीसिस. खरं सांगू का, त्याला आणि पीएचडीच्या थीसिसला एकच नाव असणं हा अन्याय आहे. पहिल्या वर्षात सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) टाकायचा, एथिक्स कमिटीपुढे जायचं, विषय बहुतेक वेळा गाइड देतो, सीनियरचा थीसिस समोर ठेवून थोडा फिरवलेला, मग ड्यूटीच्या अधेमध्ये ७०-८० केसेसचे फॉर्म भरायचे, स्टॅटिस्टिक्सवाल्याला गाठायचं, पी व्हॅल्यू (निष्कर्ष योगायोगाचा नाही हे दाखवणारा आकडा) हवी तशी आली की हुश्श, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं आणि सबमिट. काही जण मन लावून करतात, त्यांचे पेपरही चांगले होतात, पण यंत्रणा तशी नाहीये. त्यात कुणाचा दोष म्हणत नाही, ३६ तासांची ड्यूटी करून माणूस अजून काय करणार.

पण एमडीत जे शिकवतात ते फ्लास्कवालीच्या लॅबमध्ये नाही शिकवत. एक उदाहरण देतो. फ्रोझन सेक्शन म्हणून प्रकार असतो. थिएटरमध्ये पेशंट बेशुद्ध, पोट किंवा छाती उघडी, सर्जनने गाठ काढलीय आणि त्याला कळायला हवंय की कडेला कॅन्सर राहिलाय का. तो तुकडा फॉर्मलिन न घालता ओला तसाच धावत माझ्याकडे येतो, क्रायोस्टॅटमध्ये उणे वीसच्या आसपास गोठवायचा, पाच मायक्रॉनचे काप, झटपट स्टेन आणि वीसेक मिनिटांत मी फोन उचलून सांगायचं, मार्जिन फ्री आहे किंवा नाहीये. गोठवलेल्या कापात बर्फाच्या भेगा असतात, पेशी फुगलेल्या दिसतात, पॅराफिनच्या मेणात बसवून नीट कापलेली काच मला दुसऱ्या दिवशी मिळणार असते पण सर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाही. मला खात्री ८० टक्के आहे म्हणून मी अजून सहा महिने प्रयोग करतो असं म्हणता येत नाही. उलट पीएचडीवाल्याने ८० टक्क्यांवर काही छापलं तर रिव्ह्यूअर त्याला सोलून काढतात आणि काढलंच पाहिजे. दोन्ही डोकी वेगळ्या तऱ्हेने घडवावी लागतात, म्हणून कुठली मोठी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

माझं मत फ्लास्कवालीच्या उलट आहे. आधी एमडी, मग पीएचडी. आणि मेडिसिनच्या मागे लागून दोन-दोन ड्रॉप घ्यायची गरज नाही, मायक्रोबायॉलॉजी, पॅथॉलॉजी, ट्रान्सफ्युजन मेडिसिन, या ब्रांच रेडिऑलॉजीच्या मानाने सहज मिळतात आणि इम्युनॉलॉजीच्या सगळ्यात जवळ आहेत. पेशंटसकट इम्युनॉलॉजी हवी असेल तर मेडिसिन किंवा पेड्सच्या एमडीनंतर ३ वर्षांची डीएम (सुपरस्पेशालिटीची डिग्री) क्लिनिकल इम्युनॉलॉजी आहे, लखनौच्या एसजीपीजीआयला, पुद्दुचेरीच्या जिपमेरला. हातात एमडी असली की पुढे पीएचडीत कितीही आपटलं तरी पोट भरतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

कोथरूडचा_मामा

अहो केवढं लिहिलंत, दोघांचेही आभार. भाचीला दाखवलं. ती म्हणते काचपट्टी सर म्हणतात ते तिला सगळ्यांनी सांगून झालंय, पण नीट पीजीसाठी पुन्हा वर्षभर एमसीक्यू पाठ करायचे, दोन लाखांच्या वर पोरं बसतात, मग ३ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे पीएचडीला हात लागेपर्यंत ती तिशीला आणि तोवर डोक्यातला प्रश्न शिळा. आणि तिने इंटर्नशिपमध्ये एका लॅबमध्ये संध्याकाळी जाऊन काम केलंय म्हणे, आम्हाला घरी सांगितलं होतं लायब्ररी.

ताई मात्र म्हणते तेलही गेलं तूपही गेलं होईल.

बायोकेम_बाई

मी एका मेडिकल कॉलेजात शिकवते, एमएस्सी मेडिकल बायोकेमिस्ट्री आणि त्यावर पीएचडी, म्हणजे तुमच्या भाचीच्या बरोबर उलट्या बाजूची, पीएचडी आहे पण एमबीबीएस नाही. तर या उलट्या बाजूचं ऐका.

फर्स्ट इयरच्या मुलांना क्रेब्स सायकल मी शिकवते, ते मला मॅडम म्हणतात आणि शेजारच्या टेबलावरच्या माझ्याहून दहा वर्षं लहान ट्यूटरला डॉक्टर म्हणतात. बरं ते सोडा, त्याची सवय झाली. पण आमच्या जागांचं बघा, मेडिकल कॉलेजात नॉन-मेडिकल टीचर किती टक्के घ्यायचे, कुठल्या डिपार्टमेंटला घ्यायचे, याचे नियम गेल्या काही वर्षांत वर-खाली, वर-खाली चाललेत, प्रत्येक बदलाला कोर्ट, निवेदनं, मोर्चे. एका ओळीने वरिष्ठता जाते. विद्वत्ता किती हा प्रश्नच येत नाही, रजिस्ट्रेशन नंबर आहे की नाही एवढंच. पगारातही सरकारी ठिकाणी डॉक्टरांना एनपीए मिळतो, केंद्राच्या नियमाने बेसिकच्या २० टक्के, आम्हाला नाही, प्रॅक्टिस करायची नाही म्हणून भत्ता आणि आम्ही तर करूच शकत नाही हो.

हे रडगाणं अशासाठी की तुमच्या भाचीला तो नंबर इंटर्नशिप संपली की मिळणारच आहे. ज्या भिंतीवर आम्ही आयुष्यभर डोकं आपटतो ती तिने साडेपाच वर्षांत मागे टाकलीय. त्यामुळे तेल-तूप वगैरे काही जात नाही म्हणावं ताईंना. फक्त महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, लॅबमध्ये बुडालेली मुलं हे विसरतात, त्यासाठी सीएमईला (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांना) जात राहायचं.

आणि इथे सगळे आनंदीबाईंचं नाव घेतात, कमला सोहोनींचं कुणी घेत नाही म्हणून मी घेते. केंब्रिजची पीएचडी १९३९ ची, सायन्समध्ये पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय बाई. त्याआधी बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, बाईंनी तिथेच ठाण मांडलं तेव्हा एक वर्ष प्रोबेशनवर घेतलं. झाडांच्या पेशीतलं सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन हा त्यांचा विषय. मग इकडे येऊन नीरा, डाळी, तांदूळ, गरिबाच्या ताटातलं बघितलं. पेशंटला हात न लावता कुपोषणावर काम केलं त्यांनी. आजींना हे सांगा, औषध देणारे असे पण असतात.

तिरकस_नारायणपेठ

बाई, आजींना नीरा कळेल, सायटोक्रोम राहू द्या.

हडपसर_लाइन

नोकरीचा प्रश्न कुणी नीट घेतलाच नाही म्हणून लिहितो. लस आणि बायोलॉजिक्सच्या कंपनीत आहे, गाव ओळखून घ्या.

आमच्याकडे दोन बाजू असतात. प्रोसेस डेव्हलपमेंट, अ‍ॅसे (लॅबमधल्या मोजणीच्या चाचण्या), क्वालिटी, इथे पीएचडी आणि एमटेक लोक. क्लिनिकल डेव्हलपमेंट, फार्माकोव्हिजिलन्स (औषधाच्या दुष्परिणामांवर नजर), मेडिकल अफेअर्स, इथे डॉक्टर लागतो. कारण ट्रायलमध्ये ज्याला इंजेक्शन दिलं त्याच्याबद्दलचा वैद्यकीय निर्णय क्वालिफाइड डॉक्टरनेच घ्यायचा हे ट्रायलच्या 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस' नियमावलीत लिहिलेलं आहे, तिथे पीएचडी कितीही हुशार असला तरी सही चालत नाही. आता मीटिंगमध्ये काय होतं, अ‍ॅसेवाला म्हणतो न्यूट्रलायझिंग अँटिबॉडीचा टायटर (विषाणू निकामी करणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण) चौपट आला, डॉक्टर विचारतो म्हणजे आजार किती कमी होईल, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. दोन्ही बाजूंचं कळणारा माणूस असला तर अर्ध्या तासाचं काम, नसला तर तीन आठवडे ईमेल. असा माणूस आम्हाला मिळत नाही. एमबीबीएस अधिक इम्युनॉलॉजीत पीएचडी असं कुणी आलं तर एचआर स्वतः गाडी पाठवेल.

सरकारीमध्ये आयसीएमआरच्या सायंटिस्टच्या जागा निघतात, मेडिकल आणि नॉन-मेडिकल वेगवेगळ्या, मेडिकलच्या जागेला स्पर्धा कमी. एनआयव्ही, त्यांची विषाणू संशोधनाची संस्था, आपल्या गावातच आहे, १९५२ पासून. अकॅडेमिक्समध्ये मात्र फॅकल्टीच्या जागा मोजक्या, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करून यावं लागतं आणि पस्तिशी उलटते, हे खरं आहे. मी स्वतः त्या रांगेतून बाहेर पडून इकडे आलो आणि शनिवार-रविवार सुट्टी असते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फ्लास्कवाली

काचपट्टी सर, तुमचं फ्रोझनचं वाचून अंगावर काटा आला, पटलं. पण "आधी एमडी मग पीएचडी" यात एक गोष्ट तुम्ही धरत नाही. एमडी झालेल्या किती जणांनी पुढे पीएचडी केली सांगा ना. एकदा कन्सल्टंटचा पगार सुरू झाला, लग्न झालं, होम लोन लागलं की ३७,००० वर कोण येतंय परत? म्हणजे तुम्ही सांगता तो रस्ता कागदावर आहे, चालताना कुणी दिसत नाही.

काचपट्टी

हे मान्य. माझ्या बॅचमधून एक. पण त्याचं उत्तर पीएचडीच करायला हवी असं पण नाही ना. आपल्याच गावात केईएमचे डॉ. याज्ञिक बघ. मधुमेहाचे डॉक्टर, पेशंट बघणारे. ओपीडीत येणारे पेशंट पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नव्हते, बारीक दिसत होते आणि तरी डायबेटिस, हे खटकलं म्हणून पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून बायकांच्या गरोदरपणापासून नोंदी ठेवायला घेतल्या. बाळं जन्मली ती इंग्लंडातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी पण चरबी त्या मानाने राखून ठेवलेली. थिन-फॅट इंडियन म्हणून जगभर चर्चा झाली. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडातले डॉक्टर युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आहे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, आणि शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. एका पानात सगळं कळतं. हा प्रश्न दवाखान्यात बसलेल्या माणसालाच पडू शकतो, फ्लास्कमध्ये बघणाऱ्याला नाही. पेशंट बघणं सोडलं तर असे प्रश्न सुचायचेच बंद होतात, मला भीती त्याची आहे.

फ्लास्कवाली

आणि मला उलटी भीती आहे, की प्रश्न सुचतो पण तो तोडायचा कसा हे माहीत नसतं, म्हणून मग ८० केसेसचा क्रॉस-सेक्शनल (एकदाच माहिती गोळा केलेला) स्टडी आणि "फर्दर रिसर्च इज नीडेड". येल्लाप्रगडा सुब्बाराव बघा, मद्रासला मेडिकल केलं, खादीच्या कपड्यांवरून सर्जरीचे गोरे प्रोफेसर खवळले म्हणून एमबीबीएस न देता एलएमएस या खालच्या पदवीवर बोळवण केली, मग हार्वर्डला जाऊन बायोकेमिस्ट्रीत पीएचडी. फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत, पेशींना ऊर्जा देणाऱ्या एटीपीवरचं काम, आणि नंतर लेडर्ले या औषध कंपनीत फोलिक अ‍ॅसिडवरून पुढे मेथोट्रेक्सेट. जे आज संधिवाताला पण देतात आणि ब्लड कॅन्सरला पण. नुसता डॉक्टर राहिले असते तर मोजायची पद्धत कुठून आणली असती?

हडपसर_लाइन

तुम्ही दोघांनी मिळून एक विद्यार्थी गाइड करा.

मामा, अमेरिकेतल्या जोडकोर्सचं राहिलं. तिकडे एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने १९६४ पासून एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्यांना फी माफ आणि वर स्टायपेंड अशी सोय केलीय, आधी दोन वर्षं मेडिकल, मग मधे पीएचडी, मग पुन्हा वॉर्ड, एकूण सात-आठ वर्षं. आपल्याकडे आयसीएमआरने तशी योजना काढलेली पण जागा अगदी थोड्या. आपल्याकडे हे जोडणं ज्याचं त्याला करावं लागतं.

कोथरूडचा_मामा

रात्री भाची, ताई, भावजी आणि मी असे बसलो. भावजींना सगळ्यात जास्त काय पटलं सांगू, हडपसरच्या साहेबांचं, एचआर गाडी पाठवेल ते. बाकी सुब्बाराव वगैरे त्यांनी ऐकून घेतलं. ठरलं असं की ती या वर्षी नेटचा फॉर्म भरणार आणि नीट पीजीचा पण भरणार, अभ्यास मात्र नेटचा करणार (हे भावजींना माहीत नाही). ताई अजून गप्प आहे.

आता दोन शंका. गाइड कसा निवडायचा, कारण तिच्या मैत्रिणीची बहीण गाइडपायी मधेच सोडून आली. आणि बॉण्डचं काय?

फ्लास्कवाली

गाइड हाच सगळा खेळ आहे, संस्था दुय्यम. तिला सांगा गाइडशी बोलायच्या आधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, लॅबमध्ये नाही, बाहेर चहाला. विचारायचं काय, तर शेवटच्या तिघांना किती वर्षं लागली, कुणी सोडून गेलं का आणि ते आता कुठे आहेत, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आणि सुट्टी मागितली की काय होतं. शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला किंवा इकडेतिकडे बघायला लागला तर दुसरी लॅब शोधायची. आणि शक्य असेल तर आधी सहा महिने प्रोजेक्टवर काम करून बघायचं, एमबीबीएसवालीला कुणी नाही म्हणणार नाही. मामा, मला मेसेज टाका, ओळखीतल्या दोन लॅबची नावं देते, इथे उघड नको.

काचपट्टी

बॉण्डचं मी सांगतो. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर १ वर्ष सरकारी सेवा करायचा बॉण्ड, ती टाळायची तर १० लाख दंड असायचा. पीएचडीला गेली की हे आपोआप सुटेल असं गृहीत धरू नका, मूळ कागदपत्रं कॉलेजकडे असतात आणि पीएचडीच्या प्रवेशाला ओरिजिनल मागतात. आत्ताच कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, उत्तर लेखीच घ्या, तोंडी "होईल हो मॅडम" चालणार नाही.

आणि माझं विचाराल तर बॉण्डची सेवा करूनच टाकू दे. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग मिळालं तर डेंगी, स्क्रब टायफस, क्षय, साप, सगळं एका वर्षात बघेल आणि इम्युनॉलॉजीचे जे प्रश्न तिथे पडतील ते तिला पुढे लॅबमध्ये पाच वर्षं पुरतील. नेटचा अभ्यासही तिथल्या क्वार्टरमध्ये निवांत होतो, रेंज नसते. फ्लास्कवालीला हे पटणार नाही.

फ्लास्कवाली

उलट हे एकच पटलं.